ज्वर उतरल्यावर

ज्वर उतरला म्हणजे दुखणे सरले, असे नव्हे. दुखण्यातून उठून आलेली मुले पहिल्या तासालाच बाकावर डोके टेकतात, हे आम्ही माळशिरस येथे अनेकदा पाहिले आहे. चौकशी केली असता बहुधा हेच कळते की, लंघन म्हणून मुलास नुसत्या चहावर ठेविले होते. वस्तुतः ताप एक अंश सेल्सिअसने चढला की शरीराची अन्नाची गरज शेकडा सुमारे १० ने वाढते. मग ती तूट उपवासाने कशी भरावी? डब्लिनचे डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी एकोणिसाव्या शतकातच ज्वरपीडितांस अन्न देण्याचा आग्रह धरिला होता.

त्यासाठी महाग फळे नकोत. ज्वारीच्या कण्यांची पेज, मुगाचे कढण, मऊ भात, ताजे ताक, असे दर दोन-तीन तासांनी थोडथोडे द्यावे. जुलाब होत असल्यास १ लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात ६ सपाट लहान चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजावे. ताप पुन्हा चढल्यास मात्र विनाविलंब डॉक्टरांस दाखवावे.

पालकहो, मुलास शाळेत धाडण्याची घाई करू नये. बुडालेला धडा आम्ही भरून काढू. अंगातली शक्ती मात्र घरच्या चुलीपाशीच भरून यावयाची.