गॅस कुठे गेला?

एसीतून गार हवा येईनाशी झाली की आपल्याकडे निदान ठरलेलं आहे: गॅस संपला. शेजारी सांगतात, मेव्हणे सांगतात, बॅग घेऊन आलेला टेक्निशियनही तेच सांगतो. स्कूटरमधलं पेट्रोल संपतं, स्वयंपाकघरातला सिलिंडर संपतो, त्यामुळे हेही आपल्याला लगेच पटतं. पण एसीतला गॅस जळत नाही, खर्चही होत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांतून तोच, तेवढाच गॅस आतल्या पेटीतून बाहेरच्या पेटीत आणि परत आत असा वर्षानुवर्षं फिरत असतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. आणि गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

हे मी हौसेने शिकले नाही. अम्मीला अर्धांगवायूचा झटका आला त्याला आता तीन वर्षं झाली. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. उकडतंय हे तिला सांगता येत नाही. पाठीखाली घाम साचतो, कातडी लाल होते आणि मग जखम व्हायला दोन दिवस पुरतात. आमचं घर सोलापुरात, तिसऱ्या मजल्यावर, वर तापलेला स्लॅब, खोली पश्चिमेची. एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा ४२-४३ वर जातो. ज्या घरात दहा वर्षांपूर्वी एसी म्हणजे उधळपट्टी मानली जायची, त्या घरात तो आता औषधांच्या यादीत आहे.

त्या एप्रिलमध्ये दुपारी हवा यायची, पण गार नाही. जे घरी बघता येतं ते आम्ही बघितलं. रिमोटवर ‘ड्राय’ नव्हे, ‘कूल’च होतं. जाळी दर पंधरा दिवसांनी मीच धुते. व्होल्टेज ठीक होतं. मग माणूस बोलावला. तो आला, आतल्या पेटीसमोर हात धरला, गॅलरीतून वाकून बाहेरच्या पेटीकडे बघितलं आणि माझ्या नवऱ्याला म्हणाला, “गॅस कमी झालाय. साडेतीन हजार.” मी विचारलं, “गेला कुठे?” त्याने उत्तरही नवऱ्यालाच दिलं, “होतो कमी, दर दोन वर्षांनी भरावाच लागतो.” मीटर लावला नाही, गेज लावला नाही. मी त्याला चहा दिला आणि परत पाठवलं.

मी शाळेत मराठी शिकवते, विज्ञान नाही. पण वही ठेवायची सवय आहे. मुलीच्या प्रोजेक्टसाठी आणलेला दीडशे रुपयांचा डिजिटल थर्मामीटर होता. एकदा तो आतल्या पेटीच्या वर धरायचा, जिथून खोलीतली हवा आत ओढली जाते. मग खाली, जिथून ती बाहेर येते. चांगल्या चालणाऱ्या एसीत या दोन आकड्यांत साधारण ८ ते १२ अंशांचा फरक असतो. सकाळी ७ वाजता माझ्या वहीत आकडे होते २९ आणि १७. दुपारी ३ वाजता ३४ आणि ३३. चार दिवस हेच. आणखी एक गोष्ट लिहून ठेवली. दुपारी बाहेरच्या पेटीचा पंखा फिरत असतो, पण तिची जड घरघर थांबलेली असते. अर्ध्या-पाऊण तासाने ती परत सुरू होते, थोडा वेळ चालते, पुन्हा बंद.

गॅस सकाळी असतो आणि दुपारी नसतो, असं कसं होईल?

आमच्या शाळेतून दहावी झालेला एक मुलगा आयटीआयमध्ये एसी-फ्रिजचं काम शिकला, तीन वर्षं दोहाला होता, आता गल्लीच्या तोंडाशी त्याचं दुकान आहे. वही बघून तो हसला नाही. म्हणाला, “मॅडम, एसी थंडी तयार करत नाही. घरातली गरमी उचलून बाहेर टाकतो. तुमचा उचलतोय बरोबर. टाकायला जागा मिळत नाहीये.” मग त्याने बाहेरच्या पेटीच्या वायरभोवती चिमट्यासारखा मीटर धरला. प्लेटवर लिहिलेल्यापेक्षा दोन अँपिअर जास्त. आमचं मशीन साधं, इन्व्हर्टरचं नाही, त्यामुळे हिशेब सरळ होता: गॅस कमी असता तर कॉम्प्रेसरला काम कमी पडलं असतं आणि करंटही कमी दिसला असता. इथे उलट होतं. कॉम्प्रेसर ढकलून ढकलून तापत होता आणि शेवटी स्वतःला वाचवायला बंद पडत होता. सकाळी बाहेर गारवा असतो म्हणून निभत होतं.

बाहेरची पेटी समोरून बघितली तर स्वच्छच दिसते. पण ती हवा ओढते मागून आणि बाजूने, समोरून फक्त फेकते. मागची बाजू भिंतीकडे, तिथे कोण बघणार? आणि आमच्या घरामागे यंत्रमागांचे कारखाने आहेत, टॉवेलचे आणि चादरींचे. कापसाचे बारीक तंतू हवेत कायम असतात, वाळत घातलेल्या कपड्यांवरही बसतात. मेन स्विच बंद करून त्याने वरचं झाकण काढलं आणि आतून बाहेरच्या दिशेने हलक्या धारेने पाणी सोडलं. जोराची धार मारली तर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या वाकतात, म्हणाला. मागून जे निघालं ते धूळ नव्हतं. ओल्या घोंगडीसारखा थर होता, सलग सोलून निघाला.

एक गंमत मला नंतर कळली. ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्द १९०६ साली स्टुअर्ट क्रेमर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने वापरात आणला, तो कापडगिरण्यांसाठी. सूत तुटू नये म्हणून गिरणीतल्या हवेत ओलावा राखायची ती युक्ती होती. माणसाच्या सुखाचा विचार पुष्कळ नंतरचा. म्हणजे हा शब्द सुताच्या सेवेला जन्मला, आणि आमच्या मागच्या भिंतीवर सुतानेच त्याचा गळा धरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ३ वाजता आकडे होते ३१ आणि १९. संध्याकाळी तो आला, अम्मीच्या पलंगाशी वाकून म्हणाला, “नानी, अब ठंडा लग रा ना?” अम्मीने डाव्या हाताने चादर छातीपर्यंत ओढली. त्याचे पैसे झाले सहाशे.

शेजारच्या घरी मात्र खरोखर गॅस कमी होता. ते दर एप्रिलला भरतात आणि दर वर्षी विसरतात. आमची वही ऐकून त्यांनी त्यालाच बोलावलं. आतल्या पेटीमागच्या नटाजवळ तेलाचा डाग होता. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं थोडं तेलही फिरतं, गळतीच्या जागी तेच चिकटून राहतं. त्याने साबणाचा फेस लावला, बुडबुडे आले. नळीचं टोक कापून पुन्हा बसवलं, नळ्यांतली हवा पंपाने ओढून घेतली आणि मग वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून प्लेटवर लिहिलेत तेवढेच ग्रॅम भरले. पैसे जास्त लागले, पण या एप्रिलमध्ये त्यांच्याकडे कुणी आलेलं नाही.

हे सगळं करताना तो तिसऱ्या मजल्यावरच्या जेमतेम दीड फुटी छज्जावर उभा होता, कमरेला आपलाच दोर, त्याचं टोक आमच्या खिडकीच्या गजाला. बिल्डरने प्रत्येक खोलीला एसीचं पॉइंट दिलंय, माणसाला उभं राहायला जागा दिलेली नाही. सोसायटीच्या सभेत मी दोनदा विषय काढला, लोखंडी कठड्यासाठी. “पुढच्या वेळी बघू,” असं दोन्ही वेळा नोंदवलं गेलं. तंतू तर येतच राहणार. म्हणून पन्नास फुटी पाइप आणलाय. दर दोन महिन्यांनी मेन स्विच बंद करून तो गच्चीवरून सोडायचा आणि वरून हलक्या धारेने मागची जाळी धुवायची. तेवढं तरी छज्जावर न उतरता होतं.