न मोजलेले काम

सन १९९१ च्या जनगणनेची गोष्ट. त्या वेळी मी शिक्षक होतो व गावातील काही घरांच्या गणनेचे काम माझ्याकडे आले होते. फेब्रुवारीच्या उन्हात दारोदार हिंडून मी शेवटी आमच्याच घरी आलो. घरात आम्ही चौघे : आई, दादा, वहिनी आणि मी.

माजघरात आईची खाट होती. पक्षाघाताने तिचे उजवे अंग लुळे पडले, त्याला सहा वर्षे झाली होती. वहिनी तिचे अंग पुसून नुकत्याच उठल्या होत्या. हातात ओला पंचा होता. मी तक्ता मांडीवर पसरला व नियमाप्रमाणे विचारले, “वहिनी, गेल्या वर्षभरात तुम्ही काही काम केलेत का?”

वहिनी हसल्या. “मी कुठे काय काम करते, भावोजी? घरीच तर असते!”

अर्थोत्पादनाची कामे तेवढीच तेथे मोजावयाची होती. म्हणून मी वहिनींना ‘काम न करणाऱ्या’ व्यक्तींत घातले, पुढे ‘घरकाम’ अशी नोंद केली आणि तक्ता मिटला. मला त्यात काहीच वावगे वाटले नाही.

त्याच उन्हाळ्याच्या सुट्टीत वहिनींच्या वडिलांचे दुखणे वाढले व त्यांना आठ दिवस माहेरी जावे लागले. दादा दिवसभर शेतावर राबत. तेव्हा आईची शुश्रूषा माझ्याकडे आली. “आठच दिवसांचा तर प्रश्न!” असे मी मोठ्या ऐटीत म्हणालो.

पहिल्याच रात्री ती ऐट उतरली. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी आईची कूस बदलावी लागे. ठसका लागू नये म्हणून तिला टेकवून बसवावे आणि पेज चमचा-चमचा भरवावी. एका वाटीला अर्धा तास जाई. रात्री-अपरात्री ओले अंथरूण बदलावे, तिच्या जड जिभेचे बोल समजून घ्यावेत. तिसऱ्या रात्री चौथ्यांदा हाक आली, तेव्हा मी आईवर ओरडलो. ती काहीच बोलली नाही. डाव्या हाताने तिने चादर तोंडावर ओढून घेतली. ते दृश्य आजही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

वहिनी परतल्या. पिशवी खाली ठेवण्यापूर्वीच त्यांनी आईची पाठ पाहिली. मी म्हणालो, “वहिनी, या सहा वर्षांत तुमची झोप कधी पुरी झाली का?”

पदराने डोळे टिपीत त्या म्हणाल्या, “हे विचारणारे तुम्ही पहिलेच.”

त्या दिवसापासून दादांनी व मी रात्रीच्या पाळ्या वाटून घेतल्या.

ही उपेक्षा केवळ आमच्या घरापुरती नव्हती, हे मला पुढे वाचनातून कळले. ब्रिटनमध्ये घरच्या अपंग माणसाची सतत शुश्रूषा करणाऱ्यांसाठी १९७६ साली सरकारी भत्ता सुरू झाला. परंतु पतीबरोबर राहणाऱ्या विवाहित स्त्रियांना त्यातून वगळले होते. त्या घरीच तर असतात, असा विचार त्यामागे होता! आईच्या शुश्रूषेसाठी नोकरी सोडणाऱ्या जॅकलीन ड्रेक या विवाहित स्त्रीने त्याविरुद्ध दाद मागितली, आणि १९८६ साली तो नियम बदलला.

आपल्याकडेही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, अधिक आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद झाली. २०१९ साली राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने लोकांचा दिवस कसा जातो याची देशभर पाहणी केली. घरातील माणसांची काळजी घेणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी १३४ मिनिटे देतात आणि पुरुष ७६, असे तीत आढळले. माझ्या तक्त्यात ज्यांना जागा नव्हती, ते श्रम असे कागदावर उतरले. परंतु मोजणे ही केवळ सुरुवात आहे. शुश्रूषा करणाऱ्यालाही पैशाचा आधार हवा, मदतीचा हात हवा आणि अधूनमधून विसावा हवा.

मुलांनो, आजाऱ्याची विचारपूस करावयास आपण सारेच जातो. त्या वेळी खाटेशेजारी उभ्या असलेल्या माणसाकडेही एकदा पाहा.

आज वहिनींची पंच्याहत्तरी उलटली आहे. रात्री त्यांच्या हाकेला त्यांचा नातू उठतो. सकाळी भेटला, की मी त्याला प्रथम विचारतो, “बाळ, तुझी झोप झाली का रे?”