कढीपत्त्यावरचे पाहुणे

मैत्रिणींनो, माहेरी गेलं की तुम्ही आधी काय पाहता? मी तर सरळ परसदारी जाते. माझं माहेर वर्धा जिल्ह्यातलं नाचणगाव. पुलगाव स्टेशनवर उतरलं की अगदी जवळ. गावाभोवती काळी जमीन, कपाशी नि तुरीची शेतं. आणि आमच्या घरामागे आईनं लावलेला कढीपत्ता. यंदा महालक्ष्म्यांना गेले, तर वहिनी त्या झाडापाशी फवारणीचा पंप घेऊन उभी!

"ताई, पहा ना, झाडाले अळ्या लागल्या. कोवळी पानं सारी खाऊन टाकली. शेतातलं औषध मारून देते थोडं."

"अगं, उद्या याच पानांची कढीला फोडणी ना?" मी म्हटलं. वहिनीनं पंप खाली ठेवला. कपाशीवरचं औषध किती जहाल असतं, हे आमच्या भागात सांगावं लागत नाही. 2017 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन कितीतरी शेतकरी-शेतमजूर दगावले. ते औषध स्वयंपाकाच्या पानांवर नकोच.

मग आम्ही दोघी नि सात वर्षांची भाची अशा तिघी झाड न्याहाळत बसलो. कोवळ्या पानांवर मोहरीएवढी, फिकट पिवळी अंडी एकेकटी चिकटवलेली होती. शेजारी लहान अळ्या होत्या, पण दिसायला हुबेहूब पाखराची विष्ठा! तीच तर गंमत आहे. असं सोंग घेतलं की पक्षी त्यांना चोच लावत नाहीत. मोठी झाली की तीच अळी पानासारखी हिरवीगार होते. भाचीनं काडीनं डिवचलं, तर डोक्यामागून नारिंगी रंगाची दोन मऊ शिंगं बाहेर आली आणि उग्र वास सुटला. "आत्या, हिला राग आला!" पोर ओरडली. अळी चावत नाही की डंख मारत नाही. वास सोडून भिववते, एवढंच.

ही अळी लिंबावरच्या फुलपाखराची. काळ्या पंखांवर फिकट पिवळे ठिपके, मागच्या पंखाशी एक लाल ठिपका. ते तुम्ही नक्की पाहिलं असेल. लिंबू, संत्रं, बेल, कढीपत्ता ही एकाच कुळातली झाडं, आणि त्यांच्यावरच त्याची अळी वाढते. 2015 साली महाराष्ट्रानं राज्याचं फुलपाखरू ठरवलं, ती राणी पाकोळीही याच गोतावळ्यातली. तिच्या अळ्यासुद्धा लिंबाच्या नि बेलाच्या पानांवर पोसतात.

आता खरं सांगायचं तर संत्र्याच्या रोपवाटिकेत ही अळी नुकसान करते. लहान रोप ती पार बोडकं करून टाकते. तिथं माळ्यानं तिला वेचलीच पाहिजे. पण परसातल्या मोठ्या झाडाला काही होत नाही, पुन्हा पालवी फुटते. तुमचं रोप कुंडीत असेल, तर अळीसकट पान खुडा आणि जवळच्या मोठ्या बेलावर नेऊन ठेवा. घरात मुलं असतील, तर एखादी अळी बरणीत ठेवा. तोंडाला विरळ कापड बांधा, आत एक वाळकी काडी उभी करा आणि रोज ताजी पानं द्या. आपली पानं धुऊन, उलटसुलट पाहून फोडणीत टाकली की झालं.

भाचीनं तसंच केलं. मी निघाले त्या दिवशी अळीनं खाणं सोडलं होतं. काडीला रेशमाचा बारीक दोर बांधून, त्याला पाठ टेकून ती निजली होती. दुसऱ्या दिवशी तिचा कोश झाला, असं फोनवर कळलं.

नंतर आठ-दहा दिवसांनी सकाळीच वहिनीचा फोन! "ताई, निघालं ना! पंख ओल्या फडक्यावाणी चुरगळले होते. पोरगी हातही लावू देईना. तासाभरात वाळले अन् उडालं भुर्रकन."

"आणि पंप?"

"तो ठेवला माळ्यावर," वहिनी हसून म्हणाली. "पण ताई, ते पाखरू पुन्हा त्याच झाडावर घिरट्या घालून राहिलं हो!"