तीस सप्टेंबरनंतर आलेली मुले

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणारा सागरी रस्ता आरे आणि वारे या गावांजवळ येतो तेव्हा प्रवाशाचे सारे लक्ष समुद्राकडे लागते आणि डोंगरउतारावरच्या हापूसच्या बागा, त्यांतले मांगर, म्हणजे अवजारे व खते ठेवण्यासाठी बांधलेली खोपटी, त्याच्या नजरेतून निसटतात. या किनारपट्टीतल्या बागांत दिवाळीच्या सुमारास नेपाळी कुटुंबे राखणीला येतात, गवत काढणे, फवारणी, वानरांपासून फळ राखणे आणि शेवटी आंबा उतरवणे ही कामे करतात आणि मृगाच्या आधी बाग सोडतात. जांभ्या दगडाच्या चिरेखाणींवर कर्नाटकातून येणाऱ्या मजुरांचे वेळापत्रकही जवळपास असेच असते, कारण पावसाळ्यात खाण बंद राहते. शाळा जूनमध्ये सुरू होते, ही मुले मात्र नोव्हेंबरात येतात. त्यांच्या शिक्षणाच्या हक्काचा प्रश्न या पाच महिन्यांच्या अंतरातून सुरू होतो.

ही मुले बेघर आहेत काय, या प्रश्नाचे उत्तर व्याख्येवर अवलंबून आहे. २०११च्या जनगणनेने उघड्यावर, पदपथावर, पुलाखाली किंवा रेल्वे फलाटावर राहणाऱ्यांना बेघर धरले आणि त्या मोजणीत महाराष्ट्रात सुमारे २ लाख १० हजार माणसे आढळली. मांगरात किंवा खाणीवरच्या झोपडीत राहणारे कुटुंब डोक्यावर छप्पर असल्यामुळे या व्याख्येत सहसा येत नाही. अमेरिकेतील १९८७चा मॅकिनी-व्हेंटो कायदा, ज्यात बेघर विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचीही तरतूद आहे, निराळा मार्ग धरतो. रात्रीचा निवारा स्थिर, नियमित आणि पुरेसा असला पाहिजे, या तीन कसोट्यांपैकी एक जरी पुरी झाली नाही तरी तो विद्यार्थी बेघर ठरतो, कागदपत्रे नसतानाही त्याला तत्काळ प्रवेश द्यावा लागतो आणि अशा मुलांचा शोध घेण्यासाठी समन्वयक नेमावा लागतो. मालकाची मर्जी आणि आंब्याचा हंगाम एवढ्याच आधारावर टिकणाऱ्या निवाऱ्याला स्थिर म्हणता येत नाही. म्हणून या मुलांकडे बेघर विद्यार्थी म्हणून पाहणे अधिक न्याय्य ठरते.

भारतीय कायद्यात या मुलांना जागा नाही असे मात्र कोणी समजू नये. २००२च्या ८६व्या घटनादुरुस्तीने आलेले कलम २१-अ सहा ते चौदा वयोगटातील ‘सर्व बालकां’विषयी बोलते, ‘नागरिकां’विषयी नव्हे, त्यामुळे नेपाळहून आलेले मूलही त्या हमीच्या कक्षेत येते. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्यात तर स्थलांतरितांची आठवण जागोजागी ठेवलेली आहे: वयाचा दाखला नाही म्हणून किंवा प्रवेशाची मुदत संपली म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, जुन्या शाळेचा दाखला उशिरा मिळाला तरी नव्या शाळेने मुलाला थांबवून ठेवायचे नाही, मागे पडलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण द्यायचे आणि स्थलांतरित कुटुंबांतील मुलांचा प्रवेश निश्चित करणे हे स्थानिक प्राधिकरणाचे, म्हणजे इथे मुख्यत्वे जिल्हा परिषदेचे, कर्तव्य मानलेले आहे.

अडचण मोजणीत आहे. ‘संचमान्यता’, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे हे ठरवणारी शासकीय प्रक्रिया, ३० सप्टेंबरच्या पटसंख्येवर उभी असते; नोव्हेंबरात आलेले मूल वर्गात बसले तरी त्या वर्षीच्या शिक्षकांच्या हिशेबात ते नसते आणि पुढच्या ३० सप्टेंबरला ते गावात नसते. हक्क मान्य, पण त्या हक्कासाठी लागणारा शिक्षक मात्र अशा तारखेवर ठरतो, जिच्याशी त्या मुलाच्या आयुष्याचा काही संबंध नाही. ही विसंगती वेदनादायक आहे, आणि रत्नागिरी जिल्ह्यात ती अधिकच बोचते, कारण इथल्या अनेक मराठी शाळा पट घटल्यामुळे धोक्यात आहेत. २०२३च्या सप्टेंबरात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचे प्रस्ताव राज्याने मागवले तेव्हा कोकणातल्या वाडी-वाडीत ती चिंता पोहोचली होती. बाके रिकामी आहेत आणि त्याच गावाच्या बागेत शाळेच्या वयाची मुले आहेत.

कोकणाला स्थलांतर नवे नाही. मुंबईच्या गिरणगावात एकेका खोलीत अनेकांनी पाळीपाळीने झोपण्याचे दिवस इथल्या चाकरमान्यांनी काढले, पण मुले पुष्कळदा गावी आजीपाशी राहिली आणि त्यांची शाळा सुटली नाही. ज्यांच्यामागे गावी मुले सांभाळणारे असे घर उरलेले नाही, त्यांच्या मुलांसाठी महाराष्ट्राने ऊसतोडीच्या पट्ट्यात हंगामी वसतिगृहे काढली, वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालल्या, ठाण्यात तीन हात नाक्याच्या पुलाखाली २०१६ साली सिग्नल शाळा उभी राहिली. मोठ्या संख्येने एकत्र असणाऱ्या मुलांसाठी हे उपाय उपयुक्त ठरले. बागेगणिक एक-दोन मुले विखुरलेली असतात तिथे स्वतंत्र शाळा काढणे व्यवहार्य नाही आणि गरजेचेही नाही, कारण शाळा आहेच.

म्हणून इथली गरज लहान आणि नेमकी आहे. जानेवारीअखेर पटाची दुसरी मोजणी व्हावी आणि तिचा परिणाम शिक्षकसंख्येवर व्हावा. मूल परत जाताना त्याने काय शिकले याची नोंद त्याच्या हातात द्यावी. नेपाळी वा कन्नड बोलणाऱ्या मुलाला मराठीत रुळण्यासाठी पहिले काही आठवडे वेगळा वेळ मिळावा. आणि शासनाची वाट न पाहता होण्यासारखे एक काम बागायतदारांच्या व खाणमालकांच्या हातात आहे: कुटुंबाला मांगराची किल्ली देताना त्यातल्या मुलांची नावे आणि वये त्यांनी त्याच दिवशी जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना कळवावीत.