माशाच्या माथी इडापिडा नको

येरवड्यात समुद्र कुठला? तरी मुलीच्या हट्टापायी आमच्या घरी खाऱ्या पाण्याची काचपेटी आली. लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम समुद्री क्षार. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही.

पेटीतले जिवाणू वाढून माशांच्या विष्ठेतला अमोनिया पचवू लागायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढे थांबूनच आम्ही दोन क्लाऊनफिश व चार गोगलगायी आणल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मासा मेला तर घरावरची इडापिडा त्याने घेतली समजा." मुलगी रात्रभर धास्तावली. 1956 च्या बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या घरात हे कसे खपावे? आम्ही म्हणालो, "बाळ, इडापिडा नव्हे, पाणी तपासायचे."

गोगलगायींना क्षारतेतला फरक सोसत नाही. म्हणून त्यांच्या पाण्यात पेटीतले पाणी तासभर थेंब थेंब सोडले. मासे महिनाभर वेगळ्या पेटीत ठेवले. पांढऱ्या ठिपक्यांवरचे तांब्याचे औषध माशाला तारते, पण गोगलगायीला मारते; ते मोठ्या पेटीत कधीच घालू नये.

मुलगी आता अमोनियाचा आकडा रोज वहीत लिहिते, उलटी पडलेली गोगलगाय सुलटी करते. परवा काकूंनी ती वही मागून पाहिली.