शून्य मीटर

घड्याळात वेळ दिसत होती २२ मिनिटं आणि अंतर ० मीटर. बाबा काठाला धरून धापा टाकत विचारत होते, "किती झालं गं?"

खांद्याच्या ऑपरेशननंतर ते पहिल्यांदाच पाण्यात उतरले होते. डॉक्टरांची अट एकच, हात मारायचे नाहीत. मग रविवारच्या फॅमिली बॅचला पाठीवर पडून, किकबोर्ड छातीशी धरून नुसते पाय मारणं सुरू झालं. घड्याळ मीच हौसेने माझ्या मनगटावरचं काढून त्यांना बांधलं होतं.

"आठ झाल्या," शेवटी तेच म्हणाले. "मी मोजल्यात."

मी दिवसभर कोड लिहिते, त्यामुळे घड्याळाची बाजूही मला कळत होती. पाण्याखाली जीपीएस पोचत नाही. घड्याळाला तलाव दिसत नाही, भिंत दिसत नाही, समजतो तो फक्त हात. हाताचा ठेका, मग भिंतीला रेटून निघतानाचा झटका, क्षणभर स्थिर हात, पुन्हा ठेका, की झाली एक लेंथ. तलाव २५ मीटरचा आहे हेसुद्धा आपणच आधी सांगायचं. म्हणजे ते अंतर मोजतच नाही, गुणाकार करतं. हात हलला नाही तर त्याच्या लेखी माणूस आराम करतोय.

याच अडाणीपणाचा फायदा मी घेतलेला आहे. कुणी आडवं आलं म्हणून मध्येच थांबून पुन्हा निघाले, की घड्याळाला ते वळण वाटतं आणि एक लेंथ फुकट मिळते. ९७५ चे १००० झालेले मी अ‍ॅपवर तसेच ठेवलेत.

स्पर्धेत भिंतीवर टचपॅड असतं, तिथे असलं चालत नाही. पण नेमकेपणाचीही गंमतच. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर वैयक्तिक मेडलेत गुन्नार लार्सन आणि टिम मॅकी, दोघांची वेळ ४:३१.९८. मग हजारावा भाग बघितला आणि लार्सनला ०.००२ सेकंदाने सुवर्ण मिळालं. तेवढ्यात पोहणारा जेमतेम तीन मिलिमीटर सरकतो. तलावाच्या भिंतीसुद्धा इतक्या काटेकोर नसतात! पुढे नियम बदलून शतांशावरच थांबायचं ठरलं.

बाबा पोहायला शिकले विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. विहिरीत लेंथ नसते. दमलं की बाहेर. त्यांचं मोजणं सुरू झालं ते खांद्यापासून. फिजिओथेरपिस्टने सांगितलं होतं, बोटं भिंतीवरून वर चढवत न्या आणि जिथे थांबाल तिथे पेन्सिलने खूण करा. आमच्या पॅसेजमध्ये त्या खुणा अजून आहेत. मधे तीन आठवडे एकाच जागी गिरवून गिरवून जाड झालेली एक रेघ आहे. त्या दिवसांत ते जेवतानाही फारसं बोलत नसत.

त्या शून्यावर मात्र ते हसले. मला नाही हसू आलं. घरी येऊन सेटिंग्ज उलटीपालटी केली, तेव्हा सापडलं की पाय मारण्यासारख्या सरावाची नोंद वेगळी करता येते. ती आधी सुरू करायची, आणि संपल्यावर अंतर आपणच भरायचं.

"म्हणजे मीच सांगायचं त्याला?" बाबा म्हणाले.

पुढच्या रविवारी पुन्हा आठ. मी २०० भरायला लागले.

"१७५ टाक. पाचवीला अर्ध्यातून दोरी धरून आलो."

मी १७५ टाकले. माझ्या १००० बद्दल काही बोलले नाही.