पत्रिका सोडली, रक्ताची तपासणी धरा

आपल्या घरांत लग्न जमवताना पत्रिका कोणी पाहत नाही, याचा आम्हाला अभिमान आहे. पण विदर्भातल्या आपल्या वस्त्यांत एक कागद मागायलाच हवा, आणि तो दोन्हीकडून. सिकलसेलच्या तपासणीचा.

हा आजार आईबापांच्या रक्तातून येतो. हिमोग्लोबिन कसे बनवायचे, त्याची सूचना लेकराला दोघांकडून मिळते. त्या सूचनेतले एकच अक्षर बदलले की प्राणवायू कमी पडताच लाल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक नसांत अडकते, आणि पोर हातपाय धरून रात्रभर कण्हते. कोणाची करणी नाही की पाप नाही. बिघाड हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे, हे लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखवले.

एकाच बाजूची सूचना बिघडलेली असेल तर माणूस 'एएस', म्हणजे वाहक. त्याला सहसा काही त्रास नसतो. दोन्ही बाजूंची बिघडली तर 'एसएस', म्हणजे रुग्ण. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर दर खेपेला चारात एक धोका. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असे नाही. प्रत्येक बाळंतपणाचा हिशेब नवा.

आमच्या मेहुणीची मुलगी 'एएस'. चहापाणी झाल्यावर तिने स्वतःच कार्ड पुढे ठेवले. पाहुणे उठले. आम्ही विचारले, "दादा, मुलाची तपासणी झाली का?" उत्तर नाही. जिने खरे सांगितले तिला नकार, आणि ज्याने सुईच टोचून घेतली नाही तो निर्दोष! अहो, मुलगा 'एए' असता तर त्यांच्या लेकरांना हा आजार झालाच नसता.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे उद्दिष्ट. भर आदिवासी भागांवर आहे, ते योग्यच. पण एका केंद्रावर आम्हाला "हे तुमच्यासाठी नाही" असे ऐकवले गेले. रक्त जातीचा दाखला पाहून वाकडे होते काय? विदर्भात आपल्या समाजातही हा आजार घरोघर ठाऊक आहे.

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने जानेवारी २०२५ मध्ये यावर जनुकात बदल करणारा उपचार मंजूर केला. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर! आपल्याला आज हायड्रॉक्सियुरियाची गोळी खंड न पडता मिळाली तरी कितीतरी पोरांची शाळा बुडणार नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आहे, तेव्हा रुग्णाने प्रमाणपत्रासाठी अर्ज जरूर करावा.

आणि एक. सोल्युबिलिटीची पहिली चाचणी फक्त 'आहे' इतकेच सांगते. वाहक की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीवरून कळते. तो दुसरा कागद घेतल्याशिवाय दवाखान्यातून उठू नका.